देवीच्या आत बंकटमामा

यंदाच्या जत्रेत देवीच्या सोंगात बंकट नव्हताच, असं आमच्या गावात सध्या जोरात चाललं आहे.

नळावर ते तुळजाबाई सांगते. तुळजाबाई काही सांगायच्या आधी पदर तोंडावर घेते, डावीउजवीकडं बघते, आवाज खाली आणते आणि मग पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल असं बोलते. "आगं, आत नुसता कडबा व्हता, कडबा! वरून लुगडं. घोट्यापाशी ज्वारीचं एक ताट बाहीर आलतं, म्या माझ्या डोळ्यांनी बगितलं!"

पानटपरीवर तीच गोष्ट विजेवर चालते. तिथं कडबा नसतो, पाइपाचा सांगाडा असतो. "वायपरची मोटर बसवलती बे आत. हात वर गेला तवा घर्रर्र आवाज न्हाई का आला? मी पुढंच व्हतो." आणि यष्टीची वाट बघणाऱ्यांत तिसरं ऐकू येतं, की परळीहून माणूस आणला होता. तो तिथं वीज केंद्राच्या राखेत काम करतो म्हणे, त्यामुळं त्याला दम धरून उभं राहायची सवय आहे.

तिन्ही खोटं. आत बंकटमामाच होता. मी ट्रॉलीत देवीच्या उजव्या अंगाला चवरी घेऊन उभी होते आणि लुगड्यातून उसाच्या रसाचा आंबूस वास येत होता. कडब्याला घाम येत नाही, आणि परळीच्या माणसाला राखेचा वास आला असता.

पण लोकांनाही नुसतं हसून चालत नाही. ज्यानं बंकटमामाला एकदा बघितलंय, त्याला खरी गोष्ट सांगितली तर तीच अफवा वाटेल.

मामाची उमापूर फाट्यावर रसवंती आहे. मामा हा माझा एकटीचा मामा नाही, फाट्यावर उतरणाऱ्या सगळ्यांचाच आहे. रसवंतीच्या चाकाला घुंगरं बांधलेली असतात, ती चाक फिरलं की वाजतात. आमच्याकडं ती चाक थांबलं तरी वाजतात, कारण मामाचा गुडघा चाकाला लागून हलत असतो. तुम्ही बाकावर टेकायच्या आत तो सुरू झालेला असतो: "बसा, न्हाई तिकडं नका, इकडं बसा, आलं टाकू का, लिंबू हाय, बर्फ न्हाई, हाय, हाय की, उठा जरा, मोळी काढतो, बसा." तुमचा शेवटचा घोट अजून घशात असतो आणि गिलास विसळून पालथा पडलेला असतो. आधार कार्डावर सगळ्यांचेच फोटो वाईट येतात, पण मामाचा फोटो हललेला आहे. न्हावी म्हणतो, बंकटची दाढी करणं म्हंजी चालत्या यष्टीला रंग देणं.

सत्यशीलामामी, म्हणजे मामाची बायको, लग्नाची गोष्ट सांगते ती अशी: "अंतरपाट धरलेला. मंगलाष्टकं चाललेली. अन् ह्यो बाबा एकदा डावीकडनं वाकून बघतोय, एकदा उजवीकडनं. माझा भाऊ म्हणला, नवरदेव हाय का पताका?"

अशा माणसाच्या घरात देवीच्या सोंगाचा मान आहे.

आमच्या गावच्या चैत्रातल्या जत्रेत शेवटच्या दिवशी ऊन कललं की सोंगं निघतात. वेताळ निघतो, अस्वल निघतं, त्राटिका निघते. सगळी उड्या मारत, पोरांच्या अंगावर धावत, धुरळा उडवत जातात. सगळ्यांच्या मागून देवी येते. ती नाचत नाही. ट्रॉलीत उभी राहते आणि वेशीपासून देवळापर्यंत जराही हलत नाही. म्हैसासुर तिच्यापुढं थयथय करतो, शिंगं दाखवतो, मांडी थोपटतो, ती बघतसुद्धा नाही. देवळापुढं ट्रॉली थांबते, संबळ थांबतो, सगळं गाव श्वास धरतं आणि मग तिचा त्रिशूळाचा हात सावकाश वर जातो. एकदाच. म्हैसासुर पडतो. सोंग संपलं. त्याच्या आधी देवीचं बोट जरी हललं, तरी सोंग फुटलं म्हणतात, आणि फुटलेल्या सोंगातला म्हैसासुर मेला असं गाव धरत नाही.

मामाचे वडील त्रिंबकआबा हे सोंग घ्यायचे. त्यांचे गुडघे गेल्यावर मुखवटा मामाकडं आला, तेव्हाही गाव हसलं होतं. पण मुखवटा चढला आणि मामा थिजल्यासारखा उभा राहिला. वर्षामागून वर्षं राहिला. लोकांनी त्याला चमत्कार म्हटलं आणि पुढं चमत्काराची सवय होते तशी सवय करून घेतली.

मग मागच्या सालची जत्रा आली.

संबळ थांबला होता. गाव गप्प. देवी स्थिर. म्हैसासुर झालेला रामकिसन शिंगं खाली घालून मरायच्या तयारीत. आणि देवीच्या कमरेतून फोन वाजला. मामाच्या फोनची रिंग जुन्या लँडलाइनसारखी आहे, टर्रर्रिंग, टर्रर्रिंग. निम्म्या गावाची तीच आहे, कारण ती वावरात ऐकू येते. देवीला आठ हात. त्यांतले सहा लाकडी, पाठीला बांधलेले. ते सहा कधी हलले नाहीत. हलला तो नेमका खरा. कमरेला गेला, फोन काढला आणि देवीनं फोन ओठांपुढं धरला.

आता ती 'हॅलो' म्हणणार, असं सगळ्यांना वाटलं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हातसुद्धा जोडले. खरं तर मामा फक्त कुणाचा फोन आहे ते बघत होता. त्याचा खुलासा पुढं येईल. फोन उसाच्या ट्रॅक्टरवाल्याचा होता. देवीनं तो बंद करून परत कमरेला खोचला आणि मग घाईघाईनं त्रिशूळ उचलला. तोवर रामकिसन वाट बघून बघून आपणच आडवा झाला होता.

"म्हैसासुर आपल्या मरणानं मेला," त्रिंबकआबा म्हणाले आणि काठी टेकत घरी गेले.

त्यानंतरचं सगळं मामाच्या खात्यावर. कुणाची म्हैस आटली, बंकटमुळं. बोअरला दगड लागला, बंकटमुळं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनल पडल्यासारखी दिसत होती, तेही. मामा ऐकून घ्यायचा, गुडघा हलवायचा, गिलास विसळायचा. आधी तो एका गिऱ्हाइकामागं एकदा विसळायचा. आता भरायच्या आधी विसळायचा, भरून झाल्यावर पुन्हा बाहेरून विसळायचा.

यंदा पाडव्याच्या आधी देवळात बैठक झाली. जत्रा कमिटी अमरसिंहकडं आहे. अमरसिंह पांढऱ्या कपड्यांत असतो, आणि चौघांशी बोलला तरी चौकसभेत बोलल्यासारखा बोलतो. प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करतो. "विषय असा हाय, विषय काय हाय, की काळाबरोबर बदलावं लागतंय. मी काय म्हणतो, मी म्हणतो काय, आपण फायबरची देवी आणू. रिमोटवर. हात वर, हात खाली. डोळ्यांत लाइट. घाम न्हाई, फोन न्हाई, झंझट न्हाई."

त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी मेळ्यातली देवी हात वर-खाली करत होती, शाळेत हजेरी दिल्यासारखी.

"रिमोट कुणापाशी राहणार?" त्रिंबकआबांनी विचारलं.

"कमिटीपाशी."

"म्हंजी तुज्यापाशी."

लोक हसले. अमरसिंहही हसला, तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त बटणं आवडतात. शेवटी ठरलं ते असं, की यंदा बंकटला एक संधी. देवी हलली, तर मुखवटा कायमचा पेटीत आणि पुढच्या साली फायबर. मामा दारात उभा होता. टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, गुंडाळत होता.

दुसऱ्या दिवशी मी रसवंतीवर गेले आणि सहज म्हणाले, "जाऊ द्या की मामा. फायबर तर फायबर. तुमाला तेवढाच आराम."

मामा बर्फ फोडत होता. फोडतच राहिला. "सायले, आराम कशाला म्हणत्यात ते मला इचार. सालभर हे हातपाय माझं ऐकत न्हाईत. मामी माझ्या तंगड्यांवर उशी टाकून झोपती. देवळात बसलो तर पुढच्याला गुडघा लागतो, मयतीला गेलो तर लोक वळून बघत्यात. एकदा ते तोंड चढलं ना, की सारं गप. वर्षातनं तेवढाच येळ मी एका जागी असतो. तेबी नेलं तर मी थांबू कुठं?"

एवढं बोलून त्यानं गिलास पुढं केला. त्यात नुसता बर्फ होता. मी तसाच खाल्ला.

मुखवटा दर साली नबीचाचा पेंटर रंगवतात. नबीचाचा ट्रॉलीवर नावं टाकतात, नंबर प्लेटा रंगवतात, शाळेच्या भिंतीवर हत्ती काढतात, आणि चैत्र आला की देवीचं तोंड. त्यांच्या घरात ते काम त्यांच्या आजोबांपासून आहे. मी गेले तेव्हा मुखवटा जुन्या टायरवर ठेवला होता आणि चाचा भुवई ओढत होते. कागदाच्या लगद्याचा मुखवटा, कितीतरी जत्रांचे रंग एकावर एक बसून जड झालेला. मी जवळ गेले तर डोळ्यांना भोकंच नाहीत.

"चाचा, मामाला दिसतं कसं मंग?"

"डोळे तुमच्यासाटी हैत बेटा," चाचा म्हणाले. "आतल्यानं होटाच्या फटीतनं बघायचं. देखनेवाला अलग, दिखनेवाला अलग. देवीची नजर लोकांच्या डोक्यावरनं जाती का न्हाई? लोक म्हणत्यात, काय शांत नजर! आगं, ती कुणाला बघतच न्हाई तर चिडंल कशाला?"

म्हणून मागच्या साली फोन ओठांपुढं गेला होता.

"घालून बघू?"

चाचांनी उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. एकदम अंधार, रंगाचा, उदाचा, जुन्या घामाचा वास. समोर पट्टीएवढा उजेड. त्यात माझ्या पायांचे अंगठे आणि चाचांची एक कोंबडी. मान आपोआप ताठ झाली, कारण वाकवली तर मुखवटा ओढून खाली नेतो. आणि आत काय गंमत! मी तुळजाबाईसारखा ओठ मुरडला. अमरसिंहसारख्या भुवया चढवल्या. चाचांसारखी जीभ गालात घातली. बाहेर चाचा रंग ढवळत होते.

"चाचा, मी आत आत्ता तुमचीच नक्कल केली!"

"केली असशील. बाहीर तर देवीच हाय."

जत्रा जवळ आली तशी मामाची तालीम रसवंतीच्या मागं सुरू झाली. मुखवटा, लाकडी हात, हातात त्रिशूळ म्हणून ऊस, पायाखाली पालथं पिंप. समोर रामकिसन शिंगांशिवाय नाचायचा. मी शेजारी चवरी ढाळायची. आणि आम्ही तिघांनीही पहिल्याच दिवशी ओळखलं, की काम बिघडलंय. आधी मुखवटा चढला की मामा थिजायचा. आता सहा लाकडी हात पाठीवर खडखडत होते. ऊस थरथरत होता.

मामानं मुखवटा काढला. "आत गेलो की कानात फोनच वाजतोय. नसला तरी वाजतोय."

"तू हललास तर मी मरायचं का न्हाई, ते आधी सांग," रामकिसन म्हणाला. "मागच्या साली लई लाज गेली बे माझी. पोरं म्हणत्यात, रामकिसन झोपला."

दोन-तीन दिवस तेच. मामा चढायचा, खडखडायचा, उतरायचा. एकदा मला ते बघवेना, म्हणून मी नुसतंच काहीतरी म्हणून अमरसिंह सुरू केला. "विषय असा हाय, विषय काय हाय, आपल्या देवीला ब्लूटूथ पायजे, मी काय म्हणतो, पायजे काय, ब्लूटूथ." रामकिसन हसून खाली बसला. मी चालूच ठेवलं. अमरसिंह फायबरच्या देवीचा चार्जर विसरतो, तिला जीपला जोडून ढकलस्टार्ट करतो.

मग माझ्या लक्षात आलं, की खडखड थांबली आहे.

पिंपावर देवी उभी होती. ऊस सरळ. हात सरळ. मला वाटलं, मामाला राग आला.

मुखवटा काढून तो खाली उतरला. मग चरकाला एक चक्कर मारली, परत आला, उलटी चक्कर मारली, परत आला.

"सायले, पैज लावतीस?"

"कशाची?"

"जत्रेच्या दिशी ट्रॉलीत तू माझ्या शेजारी असतीस. येशीपासनं देवळापातुर देवी हलवून दाखव. काय बी कर. बोल, नकला कर, आवाज काढ. हात तेवढा लावायचा न्हाई. देवी हलली, तर तुला उन्हाळाभर रस, आलं-लिंबू घालून."

"अन् न्हाई हलली तर?"

मामानं फाट्यावरच्या लिंबाच्या झाडाकडं बोट केलं. तुम्ही कडुलिंब म्हणता ते. "त्याचा पाला चरकात घालीन. गिलासभर रस. हितंच बाकावर, समद्यांदेखत. तोंड वाकडं करायचं न्हाई. केलं तर परत गिलास."

"मामा, देवी हलली तर तुमचा मुखवटा जातोय. कावून असली पैज लावताव?"

"ते माझं मी बघतो. तू भ्यालीस का?"

आता असं विचारल्यावर कोण काय म्हणणार? मी हो म्हणाले. पण त्या दिवसापासून माझ्याच पायाला मामाचा गुडघा चिकटला. भाकरी खाताना पाय हलायचा, वर्गात हलायचा. जिंकावं तर मामाचं तोंड पेटीत जातं. मुद्दाम हरावं तर मग नक्कल ती कसली? सत्यशीलामामीला कळलं तेव्हा ती चुलीपुढून ओरडली, "दोगंबी येडी हाव! ह्याला देवीनं अक्कल दिली न्हाई, अन् तुला जीभ जास्तीची दिली!"

जत्रेच्या दिवशी मामीनं मामाचा फोन काढून घेतला. "पिठाच्या डब्यात टाकलाय. तळाला. आता वाजला तर भाकर बोलंल."

वेशीपाशी मामाला बांधला. लुगडं, लाकडी हात, डोक्यावर चुंबळ, वर मुखवटा. शेवटची गाठ नबीचाचांनी मारली. मुखवटा चढायच्या आधी मामाच्या चेहऱ्यावर पाण्यात खडा टाकल्यासारखं सगळं हलत होतं, ओठ, नाक, एक गाल. मग ते सगळं आत गेलं आणि बाहेर देवी आली. ट्रॅक्टर सुरू झाला. मी बघितलं, लाकडी हात खडखडत होते. अगदी बारीक. संबळात ऐकू जात नव्हतं, पण मला जात होतं. पुढं अमरसिंह उलटा चालत मोबाईलवर शूटिंग करत होता.

मी चवरी हलवत, ओठ न हलवता सुरुवात केली. तुळजाबाईची कोंबडी शेजारणीच्या घरात अंडं घालते ते भांडण, दोन्ही बाजूंनी, मधूनमधून कोंबडी. खडखड थांबली. देवी ढिम्म. मग न्हावी. मग यष्टीचा कंडक्टर, जो उमापूर आल्यावर सगळ्यांना उठवतो आणि मग म्हणतो, अजून यायचंय. ढिम्म. त्रिंबकआबा देवाशी भांडतात तसे. ढिम्म. रामकिसन पुढं थयथय करत होता, तर मी त्याच्या बायकोचा आवाज काढला, "आवो, शिंगं घालून झोपू नगा, गादी फाटती." रामकिसनचा पाय चुकला. देवीचा नाही.

मग मी मोठं हत्यार काढलं. मामाच्या कानापाशी मामालाच काढलं: "बसा, न्हाई तिकडं नका, इकडं बसा, देवी हाय का, हाय हाय, बर्फ न्हाई, उठा जरा, म्हैसासुर काढतो, बसा." मुखवट्याच्या हनुवटीवरून एक थेंब गळला. मग दुसरा. बाकी देवी लोकांच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघत होती. शांत. मला तर तिचा रागच आला.

देवळापुढं ट्रॉली थांबली. संबळ थांबला. सगळं गाव मागच्या सालचं आठवून देवीच्या कमरेकडं बघत होतं. अमरसिंहचा मोबाईलही तिथंच रोखलेला. आता हात वर जाणार आणि पैज संपणार. मामानं सांगितलं होतं, काय बी कर. आवाज काढ. माझ्या घशात तो आवाज केव्हाचा येऊन बसला होता, मी धरून ठेवला होता, आणि तो सुटला.

टर्रर्रिंग. टर्रर्रिंग.

काय सांगू! सगळं गाव हललं. पुरुषांचे हात खिशात गेले. तुळजाबाईचा हात चोळीत गेला. पुजाऱ्याचा हात पितांबराच्या निऱ्यांवर गेला. रामकिसननं शिंगांसकट कंबर चाचपली. अमरसिंह ज्या मोबाईलवर शूटिंग करत होता, तोच उलटा करून बघायला लागला. आणि सत्यशीलामामी गर्दीतून घराकडं पळत सुटली, पिठाच्या डब्याकडं.

एवढ्या सगळ्यात एकच जण जागचं हललं नव्हतं. आठ हात, आठही जागेवर.

मग त्रिशूळ वर गेला. इतका सावकाश, की मला ट्रॉलीतून उतरून पळावंसं वाटलं. रामकिसननं कमरेचा हात घाईनं काढला, मोठी आरोळी ठोकली आणि असा मेला, की देवळाच्या पायरीपर्यंत गडगडत गेला. हलगी, शिट्ट्या, गुलाल. फोन कुणाचा वाजला, ते कुणालाच कळलं नाही. प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्याचा.

देवळाच्या मागं नबीचाचांनी गाठ सोडली. मुखवटा निघाला आणि आतलं तोंड बघून मी मागं सरले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चेहरा बीटासारखा लाल, खालच्या ओठावर दातांचे वण. मामाला आधी बोलताच येईना. तो हसत होता. हसता हसता पाय सुरू झाले, मग गुडघे, मग हात.

"कंडक्टर..." तो म्हणाला आणि परत हसायला लागला. "आगं, कंडक्टरलाच मेलो असतो मी."

"मंग हलला का न्हाई?" मी चिडून म्हणाले.

"हलत व्हतो की! सारा तोंडात हलत व्हतो. येशीपासनं देवळापातुर." त्यानं तोंड पुसलं, परत पुसलं. "माझ्या अंगातली वळवळ कुठं तरी निघायलाच पायजे, सायले. आधी आत जाऊन मी लोकांना वेडावायचो, जिबा काढायचो. कोण बघतंय? तोंड लागलं कामाला, की हातपाय निजायचे. मागच्या साली कावून कुणास ठाव, तोंडाला काम सुचलं न्हाई, रिकामं राहिलं, अन् हात सुटला. मंग भ्या बसलं. भ्यालेलं तोंड वाकुल्या दाखवत न्हाई. तालमीत तू अमरसिंग काढलास, अन् आत मला हसू फुटलं, अन् पाय एकदम गप झाले. तवाच म्हणलं, हिला ट्रॉलीत बोलती ठिवायची. नुसतं 'मला मदत कर' म्हणलो असतो तर तू हातचं राखून केलं असतंस. पैज लावली म्हणून जीव लावलास."

"अन् फोन?"

"फोन वाजला तवा मला दिसलं काय? फटीतनं रामकिसनची कंबर! म्हैसासुर खिसा चाचपतोय! म्हणलं, आता हात उचलावा, न्हाई तर हसून मुखवटा फुटंल."

अमरसिंह आला. त्यानं व्हिडिओ दोनदा बघितला होता. त्यात सगळं गाव हलत होतं आणि देवी नव्हती. त्यानं मुखवट्याच्या आत डोकावून बघितलं, लाकडी हात हलवून बघितले, मामाच्या पाठीवरून हात फिरवला. "मुखवटा राहू द्या," तो म्हणाला. "पुढच्या साली बी राहू द्या. विषय संपला, संपला विषय. पण बंकट, मोटर कुठनं आणलीस ते मला एकट्याला सांग."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर बाकं भरली होती. मामानं लिंबाचा कोवळा पाला पाट्यावर ठेवून आधी धुतला, मग मुठीनं चरकात घातला. काळपट हिरवा रस गिलासात उतरला. वासानंच माझी जीभ कडू झाली.

"मामा, मुखवटा घालून पिऊ का?"

"पी की. पण मंग देवी पिली म्हणत्याल. पैज तुझी हाय."

रामकिसन, नबीचाचा, मामी, तुळजाबाई, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी डोळे उघडे ठेवले, ओठ सरळ ठेवले, गिलास लावला. पहिल्या घोटाला माझ्या तोंडाचं काय झालं ते मला दिसलं नाही, पण रामकिसन बाकावरून खाली पडला.

मामानं चरकात आणखी पाला घातला.